वरच्या खोलीतलं हलकं काम

६ फेब्रुवारी

ति. सौ. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी बस. भावोजींनाही हातातला वजनकाटा खाली ठेवायला सांग, नाहीतर दुरुस्तीला आलेला काटा आणखी बिघडून परत जायचा. बसलात दोघं? तर ऐक, तू मावशी होणार आहेस. चौथा महिना लागेल आता. इतके दिवस सांगितलं नाही म्हणून रागावू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही असं आईच म्हणायची, मी नाही.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे लाँड्रीची गाडी धूत होते. हातात नळी तशीच धरून उभे राहिले आणि दोन्ही बूट पाण्याने भरले. मग त्याच बुटांनी फचफच करत मावशींकडे धावले. मावशी म्हणजे ह्यांच्या मावशी, लग्नात तुला भेटलेल्या, पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. ह्यांची आई गेली तेव्हापासून त्यांनीच ह्यांना वाढवलं. ह्यांना गाडीवर आणि मला इस्त्रीच्या रुळावर त्यांनीच लावून दिलं. एवढ्या मोठ्या लाँड्रीच्या त्या मुकादम, पण त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

बातमी कळली त्याच दिवशी त्यांनी मला रुळावरून काढलं. तो रूळ वाफेवर तापतो. एका बाजूने ओल्या चादरी घालायच्या, दुसऱ्या बाजूने त्या कोरड्या करकरीत निघतात. तिथे उभं राहणं म्हणजे दिवसभर चुलीत तोंड घालून बसणं. आता मी वरच्या खोलीत असते. हॉस्पिटलच्या अभ्र्यांना नाड्या लावायच्या, फाटलेल्याला टाका घालायचा, झालं. आम्ही चौघी आहोत, चौघीही पोटुशा. खुर्च्यांवर उशा, खिडकीतून ऊन. दुपारी मावशी स्वतः दूध आणून देतात आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहतात.

वर मस्टरवर सही करायची कटकट नाही की पगाराच्या चिठ्ठीची नाही. शनिवारी मावशी पाकीट हातात देतात. बाळंतपणाच्या रजेचं काय करायचं असं मी विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, अगं, घरच्या माणसाने घरात अर्ज करायचा असतो का?

मी बसते ती खुर्ची आधी कुरळीची होती. तीच ती, रुळावरची माझी जोडीदारीण, जिचे केस रुमालात मावत नाहीत. बाळंत व्हायला गेली ती अजून आली नाही.

भावोजींना नमस्कार. तुझी माया आजवर एकटीने खाल्ली, आता दोन वाटे कर.

तुझी,
धाकटी


१७ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
ताईचे ओंजळ भरून आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून भावोजींनी हातातला काटा खरंच खाली ठेवला. मग दुकानाची फळी लावून आत आले आणि म्हणाले, आज एकही काटा खरं वजन दाखवायचा नाही. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं. मी शाळेच्या गणवेशांच्या ढिगातून मऊ कापड बाजूला काढायला सुरुवात केली आहे. शिलाई मशीन खिडकीशी ओढताना पाठीत उसण भरली, तेवढी आनंदाची किंमत.

आता जरा कडू बोलते, ऐकून घे. आमच्या शेजारी नर्सबाई राहतात, मागच्या वर्षी त्या भरपगारी रजेवर होत्या. मी त्यांना तुझं सांगितलं. त्या म्हणाल्या की बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत कायद्याने ठरवलेले दिवस काम भरलं असेल तर पगारी रजा हा हक्क असतो, मालकाची मेहरबानी नसते. फक्त ते दिवस मस्टरवरून मोजतात. आणि मस्टरवर सही नाही, चिठ्ठी नाही, हे तू मला पेढा वाटावा तसं लिहिलं आहेस.

रुळावर असतानाच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेस का? लेखी अर्ज दे. त्यात रजा कधीपासून हवी ते लिही आणि डॉक्टरांचा दाखला जोड. मावशींचा अपमान होईल असं वाटत असेल तर माझं नाव सांग, म्हणावं, ताई संशयी आहे.

आणि कुरळीचं काय झालं ते कळव. थंडीतल्या तुझ्या पत्रात ती महिनाभरात परत येणार होती.

जीव सांभाळ, त्यात माझाही आहे.

तुझी,
ताई


८ मार्च

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, पण आधी एक चमत्कारिक गोष्ट सांगते. मंगळवारी दुधाचा पेला देताना मावशींनी मला विचारलं, तुझ्या ताईची पाठ कशी आहे आता? मला काहीच माहीत नव्हतं. तुझं पत्र माझ्या हातात पडलं ते दुसऱ्या दिवशी. आमच्या गल्लीत पोस्टमन येत नाही म्हणून मी तुला लाँड्रीचा पत्ता दिला होता, आणि तिथलं टपाल आधी मावशींच्या टेबलावर येतं. पाकिटाची कड ओली होऊन वाळलेली होती. वाफेचा कारखाना आहे, इथे काय ओलं होत नाही, अशी मीच माझी समजूत घातली. तरी यापुढे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर लिही.

कुरळी आली होती. कामावर रुजू व्हायला आली, कडेवर मूल घेऊन. फाटकावरचा माणूस म्हणाला, या नावाची बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच कधी. ज्याला ती दोन वर्षं रोज नमस्कार करायची, तो म्हणाला! आम्ही वरून खिडकीतून बघत होतो. मग मावशी खाली गेल्या. त्यांनी कुरळीला मिठी मारली, मूल मांडीवर घेतलं, पिशवीतून कपडे काढून त्याच्या अंगाला लावून बघितले आणि बोलत बोलत तिला रस्त्याच्या टोकापर्यंत सोडून आल्या. कुरळीने एकदाच मागे वळून वर पाहिलं. आम्ही चौघींनी माना खाली घातल्या. का घातल्या, सांगता येत नाही.

मी पगाराच्या खिडकीवर जाऊन विचारलं. कारकून म्हणाला, तुमचं नाव वर गेलात त्या दिवशीच कापलंय, स्वखुशीने काम सोडल्याचा शेरा आहे. मावशींना विचारलं तर त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. म्हणाल्या, कागदावरचं कागदाला कळतं बाळ, तू कशाला डोकं शिणवतेस?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, त्यांनी मला उपाशी ठेवलं नाही, तुला ठेवतील का? काल आमच्यातल्या एकीची खुर्ची रिकामी होती. कुणी विचारलं नाही. चिठ्ठ्या आहेत, डाळीच्या डब्यात ठेवल्या आहेत.

पाठीला शेक घे. मला विसरू नकोस हे लिहायची गरज आधी कधी पडली नव्हती.

तुझी,
धाकटी


२० मार्च

सौ. विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

आपला पत्रव्यवहार नाही, तरी आज राहवलं नाही म्हणून लिहिते. आपण दोघींनीही आईविना राहिलेली लेकरं वाढवली, तेव्हा आपलं नातं कुणी सांगायला नको. आपली पाठ आता बरी असेल.

सूनबाईंची काळजी नसावी. गुणी आहे, फक्त मनाला लावून घेते. हल्ली दूध अर्धं टाकते आणि आपलं पत्र येऊन गेलं की चारचार दिवस कुणाशी बोलत नाही. पहिलंच बाळंतपण. अशा दिवसांत मन हललं की शरीर हलतं, हे मी पुष्कळ जणींच्या बाबतीत पाहिलं आहे. शिवाय वरच्या खोलीचा जिना उभा आहे. मी तिला रोज सांगते, बघून उतर गं.

आपण लांब राहता, मनात माया आहे, म्हणून सल्ले देता. पण सल्ला देणाऱ्याला जिना उतरायचा नसतो. लाँड्रीने माझ्या मुलाच्या हाती गाडी दिली, सुनेला सावलीत बसवलं. असं घर आतून पोखरलं तर छप्पर कुणाच्या डोक्यावर येतं, ते आपण जाणताच. मालक मोठे आहेत, ते लक्ष घालत नाहीत. लक्ष मलाच घालावं लागतं.

तेव्हा तिला आनंदाचं, चार ओळींचं लिहीत जावं. रजा, अर्ज हे विषय या दिवसांत बाधतात. तिच्या उशाशी मी आहेच, शेवटपर्यंत असेन.

यजमानांना नमस्कार सांगावा. आपला स्नेह गोड आहे, तो गोडच राहावा.

आपली,
मावशी


२ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

सोबत तुझ्या मावशींच्या पत्राची नक्कल पाठवते. मूळ पत्र भावोजींनी कपाटात कुलपात ठेवलं आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, किती प्रेमळ बाई. दुसऱ्यांदा वाचताना हातातली सुई बोटात गेली. भावोजींनी वाचून फक्त एवढंच विचारलं, त्या जिन्याला कठडा आहे का?

धाकटे, केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तुला सावलीत बसवलं ते तुझं नाव पुसायला. वर गेलेली बाई कागदावर कामाला नसते, आणि कामाला नसलेल्या बाईला रजा कुठली? कुरळीसारखं तुलाही रस्त्याच्या टोकापर्यंत सोडून येतील.

माझं ऐक. वर बसू नकोस. खाली तुझ्या जागेवर जाऊन उभी राहा, मस्टरवर नाव लिहायला लाव, सही कर आणि अर्ज हातात दे. पोच माग. तू मस्टरवर दिसलीस की तुझं नाव कुणी पुसू शकणार नाही. जावयांना दुखवायचं नाही हे मला कळतं, पण पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणणाऱ्याला मासा केवढा आहे ते आधी बघावं लागतं.

मी यायला निघाले होते. पाठीने उठू दिलं नाही. डॉक्टर म्हणतात अजून काही आठवडे प्रवास नको.

दूध पीत नसलीस तर बरंच करतेस, असं लिहायला हात कचरतो, पण लिहिते.

घाबरलेली,
ताई


२१ एप्रिल

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. सोमवारी सरळ खाली गेले आणि मावशींना म्हटलं, मला माझं जुनं काम हवं. वाटलं होतं त्या चिडतील. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुझी मर्जी. कारकुनाला हाक मारून माझं नाव पुन्हा मस्टरवर लिहायला लावलं. मी सही केली, नीट आली. अर्जही दिला. त्यांनी तो घडी करून पदरात खोचला. पोच मागितली तर म्हणाल्या, मी आहे ना जिवंत, हीच पोच.

आधी मी रुळाच्या मागच्या बाजूला असायचे, कोरड्या चादरी घड्या घालायला. आता मावशींनी पुढे उभं केलं आहे, ओल्या चादरी रुळात सारायला. पुढची जागा सर्वांत तापते आणि ओली चादर उचलताना पोटावर ताण येतो. दुसरी जागा रिकामी नाही, म्हणाल्या. आहे, मला दिसते. दुपारी पेला घेऊन आताही येतात, आणि मी घाम पुसत असताना सगळ्यांसमोर म्हणतात, बघा बायांनो, किती हौस हिला कामाची.

ह्यांचा गाडीचा फेरा बदलला. आता लांबच्या गावांचा आहे, एक दिवसाआड घरी असतात. काल फक्त एवढंच म्हणाले की मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं, तुझ्यामुळे. माझे पाय सुजले आहेत ते त्यांच्या डोळ्यांसमोरच होते, बादलीतल्या पाण्यात.

बाळ आता लाथा मारतं. रूळ सुरू झाला की जास्त मारतं. कुणावर गेलंय ते सांगायला नको, तूही लहानपणी मला झोपेत लाथा मारायचीस.

तुझ्या हातची चादर अंगावर घ्यावीशी वाटते. आठवण ठेव.

तुझी,
धाकटी


१० मे

चि. धाकटीस,

आशीर्वाद नंतर, आधी हे वाच. रूळ सोड. आज, आत्ता सोड.

पाठ जरा सैल झाल्यावर काल मी इथल्या कामगार कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारीबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मी तुला चुकीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तू गेल्या वर्षापासून रुळावर होतीस तेवढ्यानेच लागणारे दिवस कधीच भरले आहेत, आणि तुझ्या चिठ्ठ्या त्याला पुरावा आहेत. दिवस गेलेत म्हणून बाईचं नाव कापलं तर ते कापणंच बेकायदा, त्याने हक्क जात नाही. वरच्या खोलीत केलेलं कामही कामच, बरोबरच्या बायकांनी सांगितलं की पुरे. आणि शेवटच्या महिन्यांत हलकं काम मागणं हाही हक्कच आहे, मागणाऱ्या बाईला तापत्या रुळापुढे उभं करता येत नाही. म्हणजे त्या रुळाशी उभं राहायची तुला काहीच गरज नव्हती.

अर्ज मावशींना द्यायचाच नाही. मालकाच्या नावाने रजिस्टर पोस्टाने धाडायचा, पोस्टाची पावती हीच पोच. त्यात लिही, रजा कधीपासून हवी, त्या काळात दुसरीकडे काम करणार नाहीस, आणि पैसे कुणाच्या हाती द्यायचे. डॉक्टरांचा दाखला जोड. एक प्रत तिथल्या कामगार कार्यालयाला दे. रजेच्या पहिल्या भागाचा पगार बाळंतपणाआधी मिळतो, उरलेला जन्माचा दाखला दिल्यावर. नाही दिला तर तक्रार तेच कार्यालय घेतं. अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे, फक्त तारीख घाल आणि सही कर.

पाय उशीवर ठेवून झोप. मी येते आहे.

तुझी,
ताई


१४ मे

ति. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहितो, कारण तिला लिहिता येत नाही. काळजी करू नका असं लिहायला हवं, पण खोटं कसं लिहू?

परवा ती रुळासमोर चक्कर येऊन पडली. पडताना आधाराला हात पुढे केला, तो रुळावर गेला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला आहे. शेजारच्या बाईने यंत्र बंद केलं म्हणून तेवढ्यावर निभावलं. त्या धक्क्याने कळा सुरू झाल्या. सातवाच महिना. डॉक्टरांनी औषधं देऊन कळा थांबवल्या आहेत, बाळाचे ठोके लागतात. आणखी काही दिवस गेले तर बरं, असं म्हणतात.

मी फेऱ्यावरून सरळ हॉस्पिटलात आलो. तिच्या पलंगावरची चादर आमच्याच लाँड्रीची होती.

आज दुपारी मावशी आल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी ताप आला की फिरवायच्या तसा. मग मला बाहेर व्हरांड्यात नेऊन पिशवीतून एक कागद काढला. त्यात लिहिलं होतं की माझी बायको कामाला नव्हती, मला डबा द्यायला आली होती आणि स्वतःच्या चुकीने यंत्राजवळ गेली. म्हणाल्या, इथे सही कर, हॉस्पिटलचा सगळा खर्च मालक देतील, तुझी गाडीही राहील. म्हणाल्या, मी तुला कधी काही मागितलं नाही रे. ते खरं आहे, ताई. त्यांनी मला कधी काही मागितलं नव्हतं.

मी त्यांना म्हणालो, तुमच्यासाठी चहा घेऊन येतो. खाली उतरलो. सकाळी तिचे कपडे आणायला घरी गेलो तेव्हा किराणा दुकानदाराने तुमचं पाकीट माझ्या हाती दिलं होतं, ते जिन्यातच फोडलं. आधी तुमचा फार राग आला, तिला रुळावर तुम्ही पाठवलंत म्हणून. मग स्वतःचा आला. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी अर्ज माझ्या अक्षरात लिहून काढला, डॉक्टरांचा दाखला घेतला. मागच्या दाराने वर जाऊन तिच्याकडून सही घेतली. तिने डाव्या हाताने केली, ओळखू येत नाही पण तिचीच आहे. पोस्टात जाऊन मालकाला आणि कार्यालयाला, दोन्ही पाकिटं रजिस्टर केली.

परत आलो तेव्हा मावशी तिच्या उशाशी बसून तिच्या तोंडावरचे केस सारत होत्या. मला बघून म्हणाल्या, चहा कुठे आहे? मी म्हणालो, सांडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. ताई, त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

लवकर या. मला तुमच्या मायेत जागा उरली असेल तर द्या.

आपला,
धाकटा जावई


५ ऑगस्ट

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हात अजून ओढतो, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, पण माझंच आहे. तू पंधरा दिवस राहून गेलीस आणि घर सुनं झालं. तुझी भाची मुठीएवढी जन्मली, आता दोन मुठींएवढी झाली आहे. हे तिला उचलायला घाबरतात, म्हणतात, भावोजींकडून बारीक काटा मागवू.

तू गेल्यावर कार्यालयाचा माणूस लाँड्रीत आला होता. वरच्या खोलीत त्याला काहीच दिसलं नाही. खुर्च्या नाहीत, उशा नाहीत, नुसत्या दोरीवर चादरी. तो निघून गेला तेव्हा मला वाटलं, संपलं. पण ह्यांनी दुसऱ्या दिवशी काय केलं असेल? गाडीत गाठोड्यांऐवजी वरच्या खोलीतल्या बायका बसवल्या, वाटेत कुरळीला तिच्या मुलासकट घेतलं आणि गाडी हॉस्पिटलकडे न नेता थेट कार्यालयाच्या दारात उभी केली. कुरळी सगळ्यांत आधी उतरली. माझ्या चिठ्ठ्या होत्याच. एकेकीने सांगितलं आणि ते सगळं लिहून घेतलं गेलं.

मालकाला बोलावलं. तो म्हणाला, मला यातलं काही ठाऊक नव्हतं, सगळं मुकादमबाई करत होत्या. मावशी त्याच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही की एक शब्द उच्चारला नाही. खरं काय ते मला अजून कळलेलं नाही. मालकाने ठरवलं होतं आणि त्या निभावत होत्या, की त्यांनी आपणहून केलं? रजेच्या त्या वाचवलेल्या पैशांतलं त्यांच्या हाती काही लागलं असेल असं त्यांच्या राहणीवरून वाटत नाही.

माझा पूर्ण पगार मिळाला, हाताच्या औषधाचाही खर्च मिळाला. कुरळीलाही मिळाला आणि तिला कामावर परत घेतलं. रजा संपली की मीही परत घड्या घालायच्या बाजूला. ह्यांच्या गाडीला हात लावायची मालकाची आता छाती नाही. मावशींना मात्र काढून टाकलं. आवारातली त्यांची खोलीही गेली.

तू दिलेल्या झबल्यात ती अजून हरवते. तुझा लोभ तिच्यासारखाच दिवसामाशी वाढो.

तुझी,
धाकटी


१४ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,
तुला, जावयांना आणि मुठीला उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र भावोजींनी दुकानातल्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. गिऱ्हाईक बिचारं काटा घ्यायला आलं होतं, बाळंतपणाचा कायदा घेऊन गेलं. जावयांना सांग, माझ्या मायेत त्यांची जागा आता खिडकीजवळची आहे.

मालक सुटला हे मात्र मनाला लागलं. आणि एक विचारते. खोलीही गेली म्हणतेस, मग त्या बाई गेल्या कुठे?

उलट टपाली लिही.

तुझी,
ताई


१२ सप्टेंबर

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उशीर केला. मावशी इथे आहेत.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. ह्यांनी उघडलं. त्या एक पेटी आणि एक वळकटी घेऊन उभ्या होत्या. काही मागितलं नाही, रडल्या नाहीत. ह्यांनी वाकून पेटी उचलली. मी काय म्हणणार होते? त्यांना जायला दुसरं दार नाही. मी त्यांच्या जागी असते तर तूही मला आत घेतलंच असतंस. ह्यांनी मला नंतर विचारलं, तू रागावलीस का? मी नाही म्हणाले. खरंच रागावले नव्हते, दुसरंच काहीतरी वाटत होतं.

त्या घडल्या गोष्टींबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. टोमणा नाही, उसासा नाही. पहाटे उठून पाणी तापवतात, माझ्या हाताला तेल लावतात, भाजल्या जागेवर इतक्या हलक्या हाताने की डोळे मिटावेत. मी मिटत नाही. बाळाला त्यांनी घेतलं की ती लगेच गप्प होते. माझ्याकडे रडत असली तरी त्यांच्याकडे गेल्यावर हुंदका अर्धाच राहतो. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस, असं माणूस घरात हवं.

माझी रजा संपत आली. कायद्याने माझा पगार राखला, माझी जागा राखली. सोमवारपासून मला रुळावर जायचं आहे, आणि नाही गेले तर ती जागा मी आपल्या हाताने सोडल्यासारखं होईल. हे गाडीवर असतात. म्हणजे दिवसभर घरात त्या दोघीच. काल मी बाळाला बरोबर नेता येईल का, असं चाचपून बघत होते. तेव्हा मावशी म्हणाल्या, वेडी की काय, त्या वाफेत? एवढं भांडून मिळवलेली जागा आहे, तू निर्धास्त जा. ह्यालासुद्धा मीच वाढवला ना. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बूट पुसत होते, पुसतच राहिले.

ताई, मला कसला पुरावा नाही. त्या प्रेमळ वागतात एवढंच मला सांगता येतं, आणि हे कुठल्या कार्यालयात सांगू? कुरळीला सांगितलं तर ती इतकंच म्हणाली की माझं मूल त्यांनी मांडीवर घेतलं होतं तेव्हाही ते रडलं नव्हतं.

तुझी पाठ पुन्हा धरली आहे हे ठाऊक आहे. तरी ये. चार दिवस ये, भावोजींना घेऊन ये, कारण काहीही सांग. सोमवारच्या आत ये.

आज सकाळी मावशींच्या मांडीवर बाळ पहिल्यांदा हसली. मी धावत गेले, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

तुझ्या मायेवर विसंबून,
धाकटी